नाकाची रजा

"जरा सगळे गप्प राहा," नाकोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

खरे म्हणजे वास घेण्याचा आणि गप्प राहण्याचा काडीचा संबंध नाही. पण गॅस कंपनीत उभा जन्म काढल्यावर नाकोबांना एवढे कळले होते, की लोक नाकापेक्षा शांततेवर जास्त विश्वास ठेवतात. स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहून त्यांनी मान मागे टाकली, नाकपुड्या फुगवल्या आणि प्रदर्शनातली चित्रे बघत जावे तसे भिंतीवरच्या पिवळ्या नळीच्या कडेकडेने ते सावकाश सरकत गेले.

दारात घरमालकीण उभ्या होत्या. शाळेतल्या मुलांना गाणे शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना गाण्याच्या आजी म्हणे. नाकोबांच्या मागे मीटरवाली उभी होती. गॅसचा वास हुडकणारे यंत्र धरायचे, हे तिचे काम. यंत्र दुरुस्तीला गेले होते म्हणून आज ती नुसतीच उभी होती, आणि सर्दीने अशी हैराण झाली होती की रुमालाच्या वर फक्त दोन लाल डोळे दिसत होते.

"मला मधूनच येतो हो वास," आजी म्हणाल्या. "सकाळी झोपेतून उठून इथे आले की येतो. मग नाही येत. म्हणून ही खिडकी सताड उघडी ठेवते, तर कबुतरं आत. परवा एक माझ्या दुधाच्या भांड्यात बसलं होतं. अगदी स्वतःचं असल्यासारखं."

"शू," मीटरवाली रुमालातून म्हणाली.

गॅसला स्वतःचा वास नसतो. कुजक्या अंड्यांचा तो भपकारा कंपनी त्यात मुद्दाम मिसळते, गळती झाली तर कळावी म्हणून. आपली घाण आपण होऊन लोकांच्या नाकापर्यंत पोचवणारी दुसरी कंपनी निदान नाकोबांच्या पाहण्यात नव्हती. आणि ती घाण ओळखण्यात नाकोबांचा हात धरणारा कोणी नव्हता. डेपोचा जुना शिरस्ता होता: आधी नाक, मग यंत्र. यंत्र अत्तरालाही किंचाळते आणि नखांच्या रंगालाही. नाक तसे फसत नाही. यंत्र नसले तर नुसत्या नाकावर घर पास होई. नाकच नसले तर काय करायचे, याचा नियम मात्र कोणी केला नव्हता, कारण नाक ही काही दुरुस्तीला पाठवायची वस्तू नव्हे.

गोम नेमकी तिथेच होती. हिवाळ्यात नाकोबा तापाने आडवे झाले, आणि ताप गेला तो त्यांचे नाक बरोबर घेऊन गेला. चेहऱ्यावर ते होते तसेच होते, चांगले ऐसपैस. आत मात्र शुकशुकाट. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. किंवा नाही येणार." एवढे सांगायला ते शिकलेले होते. तेव्हापासून नाकोबा कोणालाही न सांगता, अगदी बायकोलाही न सांगता, रोज कामावर जात होते आणि घरे पास करत होते.

मग वास घेत होते कशाने? तर डोळ्यांनी. नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावायचे. गळती असली तर बुडबुडे धरतात. आणि साबण पोचत नाही तिथे माणसांची तोंडे बघायची. वाईट वास आला की माणसाचा वरचा ओठ एका बाजूने किंचित उचलला जातो. त्याचे त्यालाही ते कळत नाही. मिटल्यासारख्या पापण्यांच्या फटीतून नाकोबा तेवढे टिपत. मीटरवालीचा चेहरा हे तर त्यांचे मुख्य यंत्रच होऊन बसले होते. तो आज रुमालात होता.

त्यांनी फटीतून आजींकडे पाहिले. आजींचा चेहरा निवांत होता. सांध्यांना साबण लावला, बुडबुडा नाही. पुढे नळी एका अवजड कपाटामागे शिरत होती. कपाटात चिनी मातीची भांडी ठासून भरलेली. नाकोबांनी कपाटाला खांदा लावून पाहिला. आत भांडी किणकिणली, कपाट जागचे हलले नाही.

"राहू द्या हो, फुटतील," आजी म्हणाल्या.

नाकोबांनी पुन्हा एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ओठ सरळ होता.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "गटाराचा वास येत असेल. सकाळी गटारं तुंबतात."

"मग खिडकी लावून घेऊ? कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय."

"खुशाल लावा."

"बरं झालं बाई. तसं मी शेगडी पेटवते तरी कधी? जेवणाचा डबा येतो. अंधार पडला की दूध तेवढं गरम करते." आजी हसल्या. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून झोप लागते."

नाकोबांनी तपासणीच्या चिकटपट्टीवर सही केली आणि ती दाराबाहेरच्या मीटरवर दाबून बसवली. जिना उतरताना वर खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला.

"आज तुम्ही होतात म्हणून निभावलं," मीटरवाली नाक ओढत म्हणाली. "माझं नाक म्हणजे नुसतं ओझं झालंय."

"होतं तसं कधी कधी," नाकोबा म्हणाले.

संध्याकाळी व्हिएतनामची तिकिटे काढायची होती.

व्हिएतनामची कल्पना त्यांच्या बायकोची. घराच्या पुढच्या खोलीत ती कपडे उसवून नीट करून देण्याचे दुकान चालवी. तोंडात कायम टाचण्या, म्हणून गिऱ्हाइके तिला टाचणीबाई म्हणत. टाचण्या धरून ती जे बोले ते फक्त नवऱ्याला समजे. टाचण्या काढून बोलली तर ते गल्लीला समजे. मागे कोणीतरी एक रेशमी अंगरखा सैल करायला आणून टाकला: लांब, पोटऱ्यांपर्यंत, दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चिरलेला. टाचणीबाईंनी आपल्या धंद्याच्या सवयीने तो आधी उलटा केला आणि शिवणींवरून बोट फिरवत राहिल्या.

"आतून बघा," शेवटी त्या म्हणाल्या. "बाहेरून कुठलीही बाई छान दिसते. आतून बघा. एक दोरा लोंबत नाही. न दिसणाऱ्या बाजूला जे लोक एवढी मेहनत घेतात, त्यांचा देश बघितलाच पाहिजे."

अंगरखा व्हिएतनामचा निघाला. दुसऱ्याच आठवड्यात दुकानाच्या भिंतीवर बेत चढला. तोही कसा, तर कपडे बेतायच्या खाकी कागदावर, खडूने. देश मुळातच लांब अंगरख्यासारखा, त्यामुळे काम सोपे झाले. गळ्याशी हनोई, कमरेशी हुए आणि होई आन ही गावे, खाली घेराला मेकाँग नदीचे पसरलेले फाटे. शिवणीला कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. तशी टाचणीबाईंनी प्रत्येक दोन गावांमध्ये एकेका दिवसाची माया सोडली होती. "पाय दुखले तर उसवून मोठं करता येतं," त्या म्हणत.

इथवर सगळे ठीक होते. पण सहल नक्की कोणासाठी, हे नाकोबांना उशिरा कळले.

"तुमच्या नाकासाठी," एका रविवारी बाई म्हणाल्या होत्या. टाचण्या काढून. "जन्मभर त्या नाकानं कंपनीची कुजकी अंडी हुंगली. निवृत्तीआधी त्याला एकदा रजेवर न्यायचं. मी सगळं तसंच बेतलंय."

आणि खरेच बेतले होते. हनोईत कमळांच्या पाकळ्यांत मुरवलेला चहा. रस्त्याकडेला बुटक्या स्टुलांवर बसून प्यायचे फो नावाचे नूडल्सचे सूप, ज्याच्या पातेल्यात म्हणे दालचिनी आणि चक्रीफूल तासन् तास उकळत असते. अंड्याचा फेस घातलेली कॉफी. उत्तरेच्या डोंगरांवर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि तीही कापणीच्या दिवसांत, कारण तेव्हा सगळ्या डोंगराला भाताचा वास येतो, असे बाईंनी कुठेतरी वाचले होते. दक्षिणेच्या बेटावर लाकडी पिंपांतून मासे मिठात मुरवत ठेवतात आणि त्यांचा अर्क काढतात, त्या कारखान्यावर तर खडूने दोन गोल होते. हा लाँग नावाच्या उपसागरातले डोंगर शेवटी घातले होते. "डोळ्यांनाही काहीतरी नको का," म्हणून.

नाकोबांनी सांगायचे ठरवले होते. त्या रविवारी, मग पुढच्या. पण दर रविवारी कागदावर एखादा नवा वास चढलेला असे, आणि बाई तो वाचून दाखवताना अशा काही बोलत, की नाकोबांना वाटे, आपले नाक जावे आणि हिचा आनंदही जावा, एवढे कोणाचे घोडे मारलेय आपण. नाक तर केव्हाच रजेवर गेले होते, तेही बिनपगारी. आता निदान त्याच्या नावाने निघालेली सहल तरी होऊन जाऊ द्यावी. पुढचे पुढे.

त्या संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा जिन्यात कोणी नव्हते. एरवी दार उघडे टाकून बसणाऱ्या खालच्या वहिनींचे दारही बंद होते. नाकोबांना बरे वाटले. आज कोणाशी बोलायची इच्छा नव्हती.

बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात ओले फडके. नाकोबांनी सवयीने आधी तोंड पाहिले. ओठ सरळ, भुवया जागेवर. म्हणजे सगळे ठीक.

"वा," ते बूट काढत म्हणाले. "घर कसं प्रसन्न वाटतंय."

बाईंनी हातातले फडके ओट्यावर ठेवले.

"जेवण काय आज? काहीतरी छान शिजलंय, खाली कळलं मला."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि तळहातावर ठेवल्या.

"काय कळलं खाली?"

"हेच. वास. तुझ्या त्या व्हिएतनामी सूपचा."

"मी काही शिजवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आज मी ती माशांच्या अर्काची बाटली आणली होती, तुम्हाला चव कळावी म्हणून. दुपारी हातातून सुटली. अख्खी. ह्या इथे, तुम्ही उभे आहात तिथे. खालच्या वहिनी तोंडाला टॉवेल बांधून भांडायला आल्या होत्या. वरचे लोक बाहेर गेलेत जेवायला. पोस्टमन अर्ध्या जिन्यातून परत गेला. तीनदा फरशी पुसली मी."

नाकोबांनी पायांखालच्या फरशीकडे पाहिले.

"तुम्हाला कोपऱ्यावर कळायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. "मी घाबरून उभी होते, आता हे येतील आणि दारातच चक्कर येऊन पडतील म्हणून. आणि तुम्ही म्हणताय, प्रसन्न."

"दिवसभर दमलो, लक्ष नव्हतं."

"नाकाला लक्ष लागतं?"

नाकोबा खुर्चीवर बसले. बाई हलल्या नाहीत.

"केव्हापासून?"

"तापापासून."

"हिवाळ्यातल्या?"

"हो."

बाईंनी दारातून पुढच्या खोलीकडे पाहिले. तिथे भिंतीवर तो लांब खाकी कागद होता, वाऱ्याने खालची कड हलत होती. "एवढे रविवार मी वाचून दाखवत होते," त्या म्हणाल्या. "कमळं काय, भात काय. आणि तुम्ही मान डोलवत होतात."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता छान वाटतंय."

नाकोबांनी उगीच विचारले, "पण मग तुझं तोंड? तुला येत नाही का वास? तुझ्या तोंडावर तर काहीच दिसत नव्हतं."

"मला कसा येईल? दुपारपासून ह्यातच आहे मी. पहिला अर्धा तास जीव जातो, मग नाक मरतं. मग काही नाही कळत."

नाकोबा उठून उभे राहिले.

डेपोत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ते त्याला एकच गोष्ट शिकवत: घरातल्या माणसाच्या नाकावर जाऊ नका, ते वासात मुरलेलं असतं. हे वाक्य त्यांचे होते. डेपोत ते त्यांच्या नावावर सांगितले जाई. सकाळी झोपेतून उठून इथे आले की येतो, मग नाही येत. आजींनी अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखे सांगितले होते, आणि हे मात्र ओठ बघत उभे होते.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"खिडकी," नाकोबा म्हणाले. "मी लावायला सांगितली."

"कुठली खिडकी?"

"गाण्याच्या आजींची. वास येतो म्हणाल्या. मी म्हटलं स्वच्छ आहे, खुशाल लावा. यंत्र नव्हतं आज. अंधार पडला की त्या दूध गरम करतात."

दोघांनीही बाहेर पाहिले. समोरच्या इमारतीवरचे ऊन गेले होते. आकाशात अजून उजेड होता, पण रस्ता राखाडी झाला होता.

"फोन करा त्यांना."

"घरात गॅस साठला असेल तर फोनची घंटा पण नको."

"मग तुमच्या लोकांना करा."

नाकोबांनी एक पाय बुटात घातला. "आपणच जाऊन बघू आधी. दोन गल्ल्या तर जायचं. काही नसलं तर उगीच कशाला सगळ्यांना..."

बाईंनी ओट्यावरचा फोन उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टाचण्या तशाच होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षे झाली, बाईंच्या बोलण्याला नाकोबांनी अनेकदा उत्तर दिले होते. न बोलण्याला एकदाही देता आले नव्हते.

तातडीच्या कामावरचा माणूस ओळखीचा होता. पत्ता ऐकून तो म्हणाला, "हे तर आजच पास झालंय. तुमचीच सही आहे."

"चुकलीय."

"म्हणजे गळती आहे?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?" तो हसला. "नाकोबा, संध्याकाळची वेळ आहे, गंमत नका करू."

"माझं नाक गेलंय," नाकोबा म्हणाले. "हिवाळ्यापासून. गाडी पाठव."

"पाठवतो," तो म्हणाला. 'नाकोबा' म्हणाला नाही.

धावण्याचे वय गेलेले आणि चालण्याइतका धीर नाही, अशा काहीतरी मधल्या वेगाने दोघे निघाले. नाकोबांच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरचे दिवे लागले. नाकोबांनी दिव्यांचा इतका राग आयुष्यात कधी केला नव्हता. घराघरांतून एकेक खिडकी पिवळी होत होती. आजींची इमारत आली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती आणि काळी होती.

"अजून दिवा नाही लावलेला," बाई धापा टाकत म्हणाल्या.

जिन्यात नाकोबांनी आधी दाराबाहेरची मुख्य तोटी गाठली आणि आडवी केली. आता नवा गॅस आत जाणार नव्हता. जो गेला होता तो होताच. मीटरवर त्यांची सकाळची सही व्यवस्थित चिकटलेली होती. बाईंचा हात घंटीच्या बटणाकडे गेला तो त्यांनी मनगटाला धरून खाली आणला, आणि दारावर बोटांनी टकटक केले.

आतून गुणगुणणे ऐकू येत होते. ते थांबले.

"आले, आले. थांबा, दिवा लावते."

"आजी," नाकोबा म्हणाले. आवाज त्यांनी कामावरचा काढला, सावकाश, जड, सकाळी "गप्प राहा" म्हणणारा. "दिवा नका लावू. कुठल्याच बटणाला हात लावू नका. तशाच या."

"अंधारात? पडेन ना मी. कोण आहे?"

"सकाळचा गॅसवाला."

"सकाळी तर स्वच्छ म्हणालात."

"चुकलो. भिंतीला धरून या. घाई नाही."

घाई किती होती ते बाईंना त्यांच्या मनगटावरच्या पकडीवरून कळत होते. आत पावले फरफटत आली, थांबली, एक खुर्ची सरकली. "ही खुर्ची इथे कोणी ठेवली," आजी स्वतःशीच म्हणाल्या. पुन्हा पावले. कडी सापडेना. मग सापडली.

दार उघडले. आजी उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात दुधाचे भांडे होते, दुसऱ्या हातात काडेपेटी.

नाकोबांनी आजींकडे पाहिले नाही. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिले. दोन गल्ल्यांची मोकळी हवा नाकात भरून आलेल्या टाचणीबाईंचा वरचा ओठ, जिन्यातल्या त्या अर्धवट उजेडात, डाव्या बाजूने उचलला गेला. मग उजव्या.

"आहे," नाकोबा म्हणाले, त्या काही बोलायच्या आतच.

त्यांनी काडेपेटी आजींच्या बोटांतून हलकेच सोडवून घेतली आणि बाईंना आजींसह खालच्या मजल्यावर उतरवले. रुमाल तोंडाला लावून ते आत शिरले. रोज ज्या स्वयंपाकघरांतून ते ऐटीत फिरत, तशाच एका स्वयंपाकघरात आज ते चाचपडत गेले. काहीच कळत नव्हते. ही हवा आणि जिन्यातली हवा त्यांना सारखीच होती. खिडकीची कडी गंजलेली होती. ती निघायला फार वेळ लागला, किंवा तसे वाटले. ती निघाली तसे बाहेरच्या कठड्यावरून एक कबूतर फडफडून उडाले आणि नाकोबांच्या तोंडून इतक्या वेळात पहिल्यांदाच एक शिवी गेली.

गाडी आली. पथकातल्या माणसांनी हवा खेळू दिली, मग त्यांचे यंत्र आत नेले, आणि सगळ्यांनी मिळून कपाट ओढले. मागे नळीचा सांधा हिरवा पडला होता. यंत्र किंचाळले. या वेळी त्याचे बरोबर होते.

"वेळेवर आलात," मुकादम घाम पुसत म्हणाला. "कोणी पकडली?"

"यांनी," टाचणीबाई चटकन म्हणाल्या. आजींचा हात त्यांच्या हातात होता. "यांनीच पकडली. यांनाच शंका आली."

मुकादमाला फोनवरचे कळले होते. त्याच्या चेहऱ्यावरून ते दिसत होते, आणि चेहरे वाचण्यात नाकोबा आता तरबेज होते. बाईंनी दिलेली ती वाट अजून उघडी होती. तो त्यांना त्या वाटेने जाऊ द्यायला तयार होता.

"हिने," नाकोबा म्हणाले. "वास हिला आला. मला आला नाही. सकाळीही आला नव्हता."

मग ते मीटरपाशी गेले आणि सकाळी लावलेली चिकटपट्टी नखाने एका कोपऱ्यातून सोडवू लागले. ती चांगली चिकटली होती, कंपनीचा गोंद चांगला असतो. कोणी त्यांना घाई केली नाही. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी तिची लहान घडी केली आणि मुकादमाच्या हातावर ठेवली.

"सोमवारी या मोठ्या साहेबांकडे," मुकादम खाली बघत म्हणाला. "आणि तापानंतर तुम्ही जी घरं पास केलीत..."

"सगळी पुन्हा बघायला लागतील. मी बरोबर येईन. दारं दाखवायला."

आजी पायरीवर बसल्या होत्या. "दुधाचं काय?" त्यांनी विचारले. "कच्चंच प्यायचं का आज?"

"माझ्याकडे चला," टाचणीबाई म्हणाल्या. "पण आधीच सांगते, घराला वास येतोय."

आजी आल्या, दारापर्यंत. तिथून त्यांनी दूध जिन्यातच पिणे पसंत केले आणि मग खालच्या वहिनींकडे मुक्कामाला गेल्या. दोघींचे एका गोष्टीवर तरी लगेच एकमत झाले.

घरात दोघेच उरली. नाकोबा सुटलेली नाडी बांधत बसले, घरात असताना. बाई पुढच्या खोलीत गेल्या. भिंतीवरच्या टाचण्या निघाल्याचा बारीक आवाज आला, आणि खाकी कागद खाली उतरल्याचा. नाकोबा उठले नाहीत. काढला असेल तर बरोबरच केले, असे त्यांना वाटले.

बाई कागद घेऊन आत आल्या आणि त्यांनी तो टेबलावर पसरला.

"मी रागावलेली आहे," त्या म्हणाल्या. "ते लक्षात असू द्या."

"आहे."

"खूप दिवस राहणार आहे."

"बरं."

"नोकरीवरून काढलं तर रजा राहते का?"

"राहते," नाकोबा म्हणाले. "भरपूर."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू हातात घेतला. "तिकिटं आज नकोत. चौकशी होऊ दे. जमलं तर पुढच्या कापणीला." मग खडू खाली घेराकडे गेला, दोन गोल असलेल्या बेटावर. "हा कारखाना मात्र आता गाळते. तिथे वासाशिवाय दुसरं काय आहे? तुम्ही काय करणार तिथे?"

"ठेव."

"कशाला?"

"तू वास घे. मी तुझ्या तोंडाकडे बघतो. मला कळतं आता."

"इतक्या वर्षांत कधी बघितलं नाहीत."

"काम पडलं नाही," नाकोबा म्हणाले, आणि हे आपण बरोबर बोललो की चूक, हे त्यांना कळेना.

बाईंनी खडू ठेवला. कचऱ्याच्या डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या काचा त्यांनी उघडल्या. बाटलीचे बूड अखंड राहिले होते आणि त्यात चमचाभर तपकिरी पाणी साचले होते. ते बूड त्यांनी जपून, कडांना बोटे न लावता, टेबलावर आणले आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसल्या.

"मेलेलं नाक थोडं जिवंत झालंय येता जाता," त्या म्हणाल्या. "बघा. एकदाच करणार आहे मी."

नाकोबांनी चष्मा पुसला.

"आणि जरा गप्प राहा," टाचणीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.